तोरण्याच्या वाटेवर रिती झालेली बाटली

मित्रांनो, माझ्या पोटात बरोबर एक लिटर पाणी मावते. अंग अल्युमिनियमचे, वर खाकी लोकरीचा अंगरखा, आणि झाकण हरवू नये म्हणून गळ्यात बारीकशी साखळी. मी एक जुनी फौजी पाण्याची बाटली आहे. आजवर मी कितीतरी लोकांची तहान भागवली असेल. पण ज्या दिवशी माझी खरी गरज होती, त्या दिवशी मी रिकामी होते. तो दिवस सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होणार नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. पत्रा ठोकल्याचा आवाज आणि तेलाचा वास एवढेच आठवते. १९६५ साली मी बारामतीजवळच्या कन्हेरी गावच्या धोंडीबा नावाच्या शिपायाच्या कमरेला आले. बर्फाच्या डोंगरात माझ्या पोटातले पाणी गोठून दगड होऊ नये म्हणून ते मला पांघरुणात घेऊन झोपत. सकाळी निघण्यापूर्वी मला उलटी धरून झाकण तपासत. त्यांचा जोडीदार मानसिंग त्यांना यावरून चिडवायचा, पण तहान लागली की पहिला हात त्याचाच माझ्याकडे यायचा. असे कौतुक मी पुष्कळ वर्षे अनुभवले.

धोंडीबा हवालदार होऊन निवृत्त झाले आणि मला घेऊन गावी आले. कन्हेरीत ऊस होता, विहीर होती, पण डोंगर नव्हता. विहीर हाताशी असताना बाटली कोणाला लागते? मी खुंटीला लटकले ती चौदा वर्षे. अंगरख्याला कसर लागली, झाकणातली रबरी चकती कडक झाली. भागुबाई, म्हणजे त्यांची बायको, दिवाळीच्या सफाईला मला एकदा पुसायच्या. त्या वारल्यावर तेही थांबले.

मग १९९३ च्या पावसाळ्यात घरात एक वाईट बातमी आली. धोंडीबांना काचबिंदू झाला होता. बारामतीच्या डॉक्टरांनी त्यांची मुलगी अंजली हिला बाजूला घेऊन सांगितले, “आता उशीर झालाय. आधी बाजूचं दिसणं जाईल, मग समोरचं. दोन वर्षं धरून चाला.”

अंजली इंदापूरच्या शाळेत शिक्षिका होती. तिने ही गोष्ट आबांपासून, म्हणजे धोंडीबांपासून, लपवली नाही. ते म्हणाले, “अंजे, देशाचं सगळं डोंगर मी बघितलं. आपला सह्याद्री मातर एसटीच्या खिडकीतनंबी धड बघितला न्हाय.”

अंजलीने पुण्याहून एक मोठा नकाशा आणला. उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत सह्याद्रीची रांग त्यावर तपकिरी रंगात पसरली होती. आबा त्यावर अगदी नाक टेकवून बघत. सगळी रांग चालायची तर महिनोन्‌महिने लागणार, आणि शाळेला सुट्या मिळणार तीन-चार दिवसांच्या. शेवटी आबांनीच नियम घातला.

“सगळा डोंगर आता आपल्या वाट्याला न्हाय. त्यातलं देखणं देखणं तेवढं निवडायचं. डोळं हायत तवर.”

त्या दिवशी मला खुंटीवरून काढले. अंजलीने राखेने घासले, नवा पट्टा शिवला. मित्रांनो, चौदा वर्षांनी पोटात पाणी पडले तेव्हा मला काय वाटले असेल! पहिल्या दिवाळीत आम्ही नाणेघाट ते जीवधन चाललो. दुसऱ्या दिवाळीत हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पाहिला. कड्यावर आबा पालथे पडून दोन तास नुसते बघत राहिले. पण परतताना त्यांचा खांदा झाडांना धडकू लागला होता. बाजूचे दिसणे चालले होते.

तिसरा टप्पा निवडायला अंजलीने दिवाळीची वाट पाहिली नाही. १९९५ च्या मार्चमध्ये धुळवडीला जोडून शनिवार-रविवार आला. तिने राजगड ते तोरणा ही डोंगराची सोंड निवडली. दोन्ही बाजूंना खोल दऱ्या आणि मधून जाणारी चिंचोळी वाट. यापेक्षा देखणी वाट नाही, असे सगळे सांगत. त्या वाटेवर उन्हाळ्यात पाणी नाही, हेही सगळे सांगत.

निघण्याच्या सकाळी अंजली मला धूत असताना माझ्या झाकणातली रबरी चकती, जिला सगळे वायसर म्हणतात, तुकडे होऊन गळून पडली. गाडीची वेळ झाली होती, धुळवडीमुळे दुकाने बंद होती. तिने दुधाच्या पिशवीचा एक गोल तुकडा कापला आणि झाकणात बसवला. आबांना सांगितले असते तर ते रागावले असते. ती बोलली नाही.

राजगडावर मुक्काम झाला. शनिवारी सकाळी गडाच्या टाक्यातून मला गळ्यापर्यंत भरले. पाच लिटरचा प्लास्टिकचा डबा अंजलीच्या पाठीवर होता. मी आबांच्या कमरेला. चालताना हेलकावे बसू लागले तसे झाकणाखालून पाणी पाझरू लागले. थेंब थेंब माझ्या अंगरख्यात मुरू लागला. मी ओरडू शकत नव्हते.

संजीवनी माचीवरून खाली उतरताना मुरमाड घसरणीवर अंजलीचा पाय सटकला. ती सावरली, पण डबा खडकावर आपटून तळाशी उभा चिरला. पाच लिटर पाणी त्या तापल्या मुरमाने बघता बघता पिऊन टाकले.

खाली खिंड होती. तिथून एक मळलेली पायवाट गावाकडे उतरत होती आणि समोर तोरण्याकडे जाणारी सोंड चढत होती. अंजली थांबली.

“आबा, गावात उतरू. पाणी न्हाई.”

“बाटली भरल्याली हाय की,” आबा म्हणाले. “तीन तासांचा तर डोंगर. फौजेत एका बाटलीवर दोन-दोन दिस काढल्यात आमी.”

अंजलीची नजर माझ्याकडे गेली. दुधाच्या पिशवीचा तो तुकडा तिला आठवला असणार. पण ती जवळ आली नाही, तिने मला हलवूनही पाहिले नाही. समोर ती सोंड उन्हात सोन्यासारखी दिसत होती आणि आबांचे तोंड तिकडे वळलेले होते.

“चला,” ती म्हणाली.

पहिला तास मी कधी विसरणार नाही. डावीकडे दूरवर निळ्या रांगांमागे निळ्या रांगा होत्या. आबांना आता नळीतून पाहिल्यासारखे समोरचेच दिसत होते. म्हणून ते दर दहा पावलांना थांबून मान फिरवत आणि त्या नळीत एकेक डोंगर पकडत. अंजली मागून त्यांचा पट्टा धरून चालत होती. “आबा, डावीकडं सरका. आता सरळ. हितं दगड हाय.”

दुसऱ्या तासाला ऊन डोक्यावर आले. पुढच्या सोंडेवर वणवा लागून गेला होता. गवत जळून काळे झालेले, झाडाचे पान नाही, पायाखालची राखसुद्धा भाजत होती. आबांनी पहिल्यांदा पाणी मागितले. अंजलीने मला त्यांच्या कमरेवरून सोडवले आणि तिचा हात थबकला. मी हलकी होते. तिने मला कानाशी धरून हलवले. आत तीन-चार घोट पाणी तळाशी डुचमळले.

तिचा चेहरा पांढरा पडला. तिने आबांना दोन घोट दिले आणि स्वतः घेतल्याचे नाटक केले. आता मागे जाणेही तेवढेच लांब होते आणि पुढे जाणेही.

आणखी अर्ध्या तासात आबांचा घाम थांबला. कातडी कोरडी आणि तव्यासारखी गरम झाली. ते मधूनच बोलू लागले, पण अंजलीशी नाही. “मानसिंग, रांग सोडू नगं. फुडं बरफ कच्चं हाय.” मग त्यांचे गुडघे वाकले.

वाटेवर करवंदीची एकच जाळी जळायची राहिली होती. अंजलीने त्यांना ओढत तिथे नेले, ओढणी जाळीवर पसरून मुठीएवढी सावली केली आणि उरलेले पाणी त्यांच्या ओठांत सोडले. दहा पावलांवर कडा होता. भ्रमात ते उठून चालू लागले तर? तिने टॉवेलने त्यांचा पाय करवंदीच्या बुंध्याला बांधला. स्वतःच्या बापाला जनावरासारखे बांधताना ती मोठ्याने रडत होती, पण डोळ्यांतून पाणी येत नव्हते. तेवढेही पाणी तिच्या अंगात उरले नव्हते.

मग मला घेऊन ती घळीतून खाली धावत सुटली.

घळीच्या पोटात हिरवी झाडे दिसत होती. जिथे हिरवे तिथे पाणी, असे ती स्वतःला मोठ्याने सांगत होती. हात सोलले, चप्पल तुटली. खाली खडकात एक डबके होते खरे. त्यात वाळकी पाने होती आणि तळाला भेगाळलेला चिखल. तिने दोन्ही हातांनी चिखल उकरला. खाली कोरडी माती लागली. तिने आणखी उकरले. नखांतून रक्त आले. पाणी आले नाही.

तेव्हा मित्रांनो, तिने मला उचलले आणि त्या खडकावर आपटले. एकदा, दोनदा, दहादा. “का गळलीस? का गळलीस तू?” माझी कूस आत गेली. मला दुखले नाही. तिचा राग माझ्यावर नव्हता, हे मला कळत होते.

पण पत्र्याचा तो आवाज घळीत घुमला. वरच्या अंगाने हाक आली, “कोन गं त्ये? काय ठोकतीस?”

कडेला एक बाई उभी होती. वाळलेली, काटक, हातात कोयती, मागे सात-आठ शेळ्या. ती खालच्या धनगरपाड्यातली कुशाबाई.

“पाणी,” अंजली म्हणाली. “वर माझा बाप हाय.”

कुशाबाईने पुढे काही विचारले नाही. झोपडे हाकेच्या अंतरावर होते. पहाटे दीड तास चालून झऱ्यावरून आणलेली एक कळशी दारात झाकून ठेवलेली होती. घराचे दिवसभराचे पाणी तेवढेच. तिने अंजलीला ओंजळभर प्यायला दिले आणि हात धरला. “बास. येकदम पिलीस तर वकशील, मंग बापाकडं कोन जाईल?” तिने मला भरले, माझे गळके झाकण पाहून तोंड चिंधीने आवळले, आणि उरलेली कळशी डोक्यावर घेतली.

आम्ही वर पोहोचलो तेव्हा करवंदीपाशी नुसता टॉवेल पडला होता. गाठ सोडवलेली होती. फौजी माणसाला कसली गाठ अडवणार?

“आबा!” अंजलीची हाक दोन्ही दऱ्यांत गेली. उत्तर आले नाही. ती कड्याकडे धावणार तोच कुशाबाईने तिला मागे खेचले आणि बोट दाखवले. अगदी काठावर, गवताच्या बुडख्याला दोन्ही मुठींनी धरून, आबा पालथे पडले होते. तोंड पश्चिमेकडे. दोघींनी त्यांचे पाय धरून त्यांना मागे ओढले.

त्यांची जीभ सुजली होती. कुशाबाईने पदर भिजवून थेंब थेंब त्यांच्या तोंडात पिळला. उरलेले पाणी त्यांच्या डोक्यावर, छातीवर ओतले. आपल्या घरासाठी एक थेंब ठेवला नाही. “म्हाताऱ्या, मराया आलास व्हय हितं?” ती ओरडत होती आणि त्यांचे तळवे चोळत होती. बऱ्याच वेळाने आबांचे ओठ हलले.

“अंजे... आजून दिसतंय गं.”

पाड्यातल्या माणसांनी घोंगडीची झोळी करून त्यांना खाली उतरवले. दवाखान्यात पाच दिवस सलाईन लागले. आबा जगले. पण जूनपर्यंत समोरचे दिसणेही गेले.

एके दुपारी कन्हेरीच्या ओट्यावर अंजलीने धीर केला. “आबा, वायसर गेला होता. मी प्लास्टिक लावलं आणि तुमाला सांगितलं न्हाई. माझ्यामुळं झालं सगळं.”

आबा शांतपणे म्हणाले, “ठावं हाय मला. खिंडीत यायच्या आदीच माझी मांडी वली झाली व्हती.”

“मंग बोलला का न्हाई?”

“बोललो असतो तर तू गावात उतरवलं असतंस. ती सोंड मला परत कदी दिसली असती? पर पोरी, माझ्या डोळ्यांपायी तुझा जीव टांगणीला लावला मी. ही चूक तुझी न्हाय, माझी हाय.”

अंजलीने त्यांना माफ केले असे तुम्हाला वाटेल. नाही. ती उठून इंदापूरला निघून गेली आणि दोन महिने आली नाही. दर रविवारी आबा एसटीच्या वेळेला रस्त्याकडे कान लावून बसत.

आली ती गौरी-गणपतीच्या सुटीत. पिशवीत माझ्यासाठी बारा नवे वायसर होते. त्यातले तीन तिने पुढे कुशाबाईकडे पोहोचवले, सोबत ते बसतील असा झाकणाचा मोठा पाण्याचा डबाही दिला. आबांसमोर नकाशा पसरून ती एवढेच म्हणाली, “आता पाणी बघूनच टप्पा निवडायचा. आणि निघायच्या आधी दोघांनी खरं बोलायचं.”

त्यानंतर आम्ही आणखी चार टप्पे चाललो. आबा तिच्या पिशवीचा पट्टा धरून चालत. वाट कितीही देखणी असली, तरी वाटेत पाणी कुठे आहे हे दोघांनी एकमेकांना सांगितल्याशिवाय पाऊल उचलले जात नसे. अंजली समोरचे डोंगर वर्णन करू लागली की आबा कधी ऐकत, कधी म्हणत, “गप जरा, वारं कुनीकडनं येतंय ते बघू दे.”

मित्रांनो, आता प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आहेत आणि मी पुन्हा खुंटीला आहे. तुम्ही डोंगरावर जरूर जा. हाती थोडेच दिवस असतील तर जे सर्वांत सुंदर असेल तेच निवडा, त्यात काही गैर नाही. मात्र निघण्यापूर्वी बाटली एकदा उलटी धरून पाहा. वाटेत काही गळते आहे असे जाणवले, तर ज्याच्यासोबत चालला आहात त्याला लगेच सांगा. तो रागावेल, वाट बदलेल, तुमचा डोंगर राहून जाईल. तरीही सांगा. मला तोंड आहे, पण बोलता येत नाही. तुम्हाला येते.