चार चाकांचा ताळा

बाईंनी छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आणि ताळा न करता उत्तर लिहिणाऱ्या एकाही पोराला त्यांनी पूर्ण गुण दिले नाहीत. उत्तर बरोबर असलं तरी नाही. तेव्हा पुढे जी चूक झाली ती दुसऱ्या कुणाच्या हातून झाली असती तर एक वेळ चाललं असतं. ती झाली नेमकी बाईंच्या हातून, आणि तीही अशा वेळी की एका चुकीपायी त्यांचं अख्खं घर मोडायची पाळी आली.

घर चढावर होतं. डांबरी रस्ता खालीच संपायचा. तिथून वर अर्धा किलोमीटर नुसते धोंडे आणि भुसभुशीत माती, आणि मध्यावर कोपरासारखं वळण. साधी गाडी त्या वळणाच्या अलीकडेच हात टेकायची. वरच्या घरात दोन बहिणी राहत. धाकट्या बाई, वय बासष्ट, नाकावर राग. थोरली अक्का, बहात्तरची, गुडघे गेलेली, काठी धरून स्वयंपाकघर ते अंगण एवढंच तिचं जग. दवाखाना, बाजार, गप्पांना चार माणसं, सगळं खाली. म्हणजे गाडी आहे तर अक्का वर राहू शकते, गाडी नाही तर नाही, इतका सरळ हिशेब होता.

गाडी चौतीस वर्षांची. चारही चाकांना ताकद देणारी, चौकोनी, कधी काळी हिरवी. बाईंचे यजमान ती चालवायचे आणि बिघडली की गॅरेजात टाकायचे. गॅरेजवाला आठ दिवस ठेवून घ्यायचा आणि तीच खडखड परत द्यायचा. एकदा बाईंचं डोकं फिरलं. त्यांनी गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक उघडलं, पाना हातात घेतला, आणि त्यानंतर त्या गाडीला परक्या मेकॅनिकचा हात लागला नाही. यजमान गेल्यावर तर गाडी सर्वस्वी त्यांची झाली. अक्काला चढता यावं म्हणून त्यांनी दाराखाली घडीची पायरी जोडून घेतली होती. एका भंगारातल्या मोटारीची सीट आणून ती दाराबाहेर वळेल अशी बसवली होती. अक्का त्या सीटवर बसून आत वळायची तेव्हा शेजारीपाजारी बघत राहायचे आणि बाई आपलं लक्षच नाही असं दाखवायच्या.

आणि मग महिन्याच्या सुरुवातीला, दवाखान्यातून परत येताना, बरोबर त्या वळणावर मागच्या एक्सलने, म्हणजे मागची दोन चाकं जोडणाऱ्या आसाने, दगा दिला. आतला दांडा कडाड्कन तुटला, वरचा लोखंडी नळा चिरला आणि गाडी दोन हात मागे घसरून बांधाला टेकली. अक्काच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं. बाकी काही नाही. पण बाईंच्या तोंडचं पाणी पळालं ते पळालंच.

दुसऱ्या दिवशी अक्काचा मुलगा आला. भाचा वाईट नव्हता. वाईट असता तर बाईंनी त्याला उभ्या उभ्या झाडला असता. त्याचं म्हणणं सरळ होतं. शहरात त्याच्या घराला लिफ्ट होती, आईसाठी खोली तयार होती, बायकोही मनापासून बोलवत होती. सून चांगली निघाली हीच तर पंचाईत, भांडायला जागाच नाही. बाईंनी एक महिना मागून घेतला. भाच्याने तो दिला, पण अट घालून दिला. चौथ्या रविवारी तो येणार, आईला गाडीत बसवून त्याच्यासमोर चढ चढायचा. चढली तर आई इथेच. नाही चढली तर त्याच दिवशी आई त्याच्याबरोबर. अक्का हे सगळं ऐकत चष्मा पुसत बसली होती. ती चकार शब्द बोलली नाही, आणि बाईंना तेच सगळ्यात जास्त लागलं.

एकवीस वर्षं दोघी एकत्र राहिल्या होत्या. अक्का गेली तर सकाळी उठून भांडायचं कुणाशी, हा प्रश्न बाईंना खरोखर पडला. त्यांना भीती वाटली, सरळ सांगायचं तर खूप भीती वाटली. आणि भीती वाटली की बाई कामाला लागतात.

भंगारवाल्याकडे त्याच कंपनीच्या, त्याच बनावटीच्या गाडीचा अख्खा मागचा एक्सल मिळाला. बाईंनी टेप लावून लांबी मोजली, बोल्टांची भोकं मोजली, ब्रेकचे ड्रम फिरवून बघितले. तंतोतंत. ट्रॅक्टरवाल्याने आधी वळणावरची गाडी ओढून अंगणात आणली, मग तोही वर आणून टाकला. जुना एक्सल त्यांनी शेडमागे ओढून ठेवला. मग अकरा दिवस बाई गाडीखाली होत्या. गंजलेले बोल्ट तेल पाजून, तापवून, शिव्या देऊन सोडवले. शाळेत कधी तोंडातून न गेलेल्या शिव्या. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची वेळ आली तेव्हा अक्का काठी बाजूला ठेवून चालकाच्या जागेवर बसली. खालून बाई म्हणायच्या दाब, अक्का पायाने पेडल दाबायची. सोड म्हटलं की सोडायची. एकदा बाई चिडून ओरडल्या की मी म्हटल्याशिवाय सोडू नकोस. त्यावर अक्का शांतपणे म्हणाली की तुझ्या शाळेत मी असते तर पहिल्याच दिवशी नाव काढून घेतलं असतं.

गाडी खालच्या रस्त्यावर काय पळाली म्हणून सांगू. पूर्वीपेक्षा सुळसुळीत, इंजिनाची ओरडही कमी. बाईंनी ते श्रेय बिनदिक्कत आपल्या खात्यात घातलं. हात बसला आता, असं अक्काला दोनदा सांगितलं. खरं तर तिथेच त्यांनी थांबून विचार करायला हवा होता. इंजिन एकदम कमी का ओरडतं? पण कौतुक ऐकताना, मग ते स्वतःच केलेलं का असेना, माणूस असले प्रश्न विचारत नाही.

गाडी खालच्या रस्त्याकडेलाच उभी असायची; चौथा रविवार पाच दिवसांवर आला तेव्हा बाई एकट्याच ती घेऊन चढावर गेल्या. पायथ्याशी थांबून गिअरशेजारचा दुसरा दांडा ओढला, म्हणजे पुढच्या चाकांनाही ताकद मिळते, आणि निघाल्या. वीस पावलं गेली नाहीत तोच गाडी हिसके द्यायला लागली. खालून कण्हल्यासारखा आवाज. चाकं माती उडवत घासायला लागली. दांडा सोडवायला गेल्या तर तो जाम. शेवटी मागे मागे येत त्यांनी गाडी सपाटीवर आणली, तेव्हा कुठे दांडा सुटला. बाई स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिल्या. मग गाडी पुन्हा ट्रॅक्टरने ओढून अंगणात आणावी लागली.

त्यांना संशय आला तो मधल्या पेटीचा, जी पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देते. दोन दिवस घालवून ती उघडली, धुतली, एकेक दात बोट फिरवून बघितला. पेटी ठणठणीत. आता हातात दोन दिवस आणि दोष कुठे आहे त्याचा पत्ता नाही. अक्का पायरीवर बसून नट पुसत होती. तिने सहज विचारलं की अगं, नवा एक्सल जुन्यासारखाच आहे ना? बाई फणकारल्या. मोजलाय मी, म्हणाल्या, लांबी, भोकं, ड्रम, सगळं. आणि बोलता बोलता थबकल्या.

दात मोजले नव्हते.

एक्सलच्या मधोमध जो गोळा असतो त्याच्या पोटात दोन चक्र असतात, एक मोठं, एक छोटं. चाक एकदा फिरायला मधल्या पेटीतून येणाऱ्या शाफ्टने किती फेरे मारायचे ते त्यांच्या दातांवर ठरतं. पुढचा आणि मागचा हिशेब एकच असावा लागतो, नाहीतर पुढची चाकं एक म्हणतात आणि मागची दुसरंच. एकाच बनावटीच्या गाड्यांतही कंपनी वेगवेगळे दात घालते हे त्या जाड पुस्तकात पहिल्याच प्रकरणात होतं. बाईंनी खडू घेतला, गाडी जॅकवर चढवली, चाकावर आणि शाफ्टवर खूण केली आणि फिरवून मोजलं. पुढे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे पाच आणि वर थोडे. मागे सव्वाचार.

बाईंनी कपाळावर हात मारला तो ग्रीसचा. मग त्या जमिनीवर फतकल मारून बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. रागाचं की लाजेचं कोण जाणे, बहुधा दोन्हीचं. छत्तीस वर्षं पोरांना ज्यासाठी उभं केलं तेच आपण केलं, असं त्या अक्काला म्हणाल्या. अक्काने नट पुसायचं थांबवलं नाही. रडून झालं की चहा टाकते, एवढंच म्हणाली.

चहा पिता पिता बाईंना शेडमागचा जुना एक्सल आठवला. चिरला होता तो नळा, तुटला होता तो दांडा. गोळा शाबूत होता. आणि त्याचे दात पुढच्याशी जुळणारच, चौतीस वर्षं जुळले होते. म्हणजे नव्याचा गोळा काढायचा आणि त्या जागी जुना बसवायचा. चाळीस किलोचं लोखंड, बासष्ट वर्षांची बाई आणि दोन दिवस. बाईंनी कप ठेवला आणि कंबर कसली.

पहिल्या दिवशी दोन्ही गोळे उतरले. एक उतरताना डावा अंगठा सापडला आणि नख काळंनिळं झालं. दुसऱ्या दिवशी जुना गोळा जॅकवर ठेवून त्या तो बोटभर वर चढवत गेल्या. तीनदा तो तिरका बसला, तीनदा उतरवला. चौथ्यांदा बसला. बोल्ट आवळले, तेल भरलं, मग पुन्हा खडू घेतला. पुढे पाच आणि वर थोडे. मागे पाच आणि वर थोडे. बाईंनी एकदा मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं, आणि अक्काला काठी टेकत यायला लावून तिसऱ्यांदा तिच्याकडून मोजून घेतलं. चढावर जाऊन बघायला मात्र वेळ उरला नाही. जी काय परीक्षा ती भाच्यासमोरच व्हायची होती.

रविवारी सकाळी दोघी गाडी घेऊन खाली आल्या. भाचा डांबरी रस्त्याच्या टोकाशी स्वतःची गाडी लावून उभा होता. बाईंनी आधी झालेली चूक त्याला सांगून टाकली, काही न लपवता. लपवली असती तर त्याला कळलीही नसती. पण चुकीचं गणित खोडून ठेवायचं, फाडायचं नाही, ही त्यांची सवय. भाचा गंभीर झाला. म्हणाला की मावशी, एकदा चुकलं ते पुन्हाही चुकू शकतं. बाई म्हणाल्या की हो, चुकू शकतं, आणि तू बस मागे.

दांडा ओढला. गाडी चढाला लागली. वीस पावलं झाली, चाळीस झाली. हिसका नाही, कण्हणं नाही, चारही चाकं एका तालात माती धरून चाललेली. वळण आलं. जिथे एक्सल तुटला होता तिथेच बाईंनी ब्रेक मारला, हँडब्रेक ओढला आणि खाली उतरल्या.

"काय झालं?" भाचा घाबरून म्हणाला.

"मी आजारी पडले तर काय, हाच तुझा पुढचा प्रश्न ना? ये पुढे. आता तू चालव."

भाच्याला घाम फुटला. ऑफिसात पन्नास माणसं हाताखाली असलेला तो माणूस, पण त्या क्षणी चौथीतल्या पोरासारखा दिसत होता. बाई त्याच्या खिडकीशी उभ्या राहिल्या आणि वर्गात सांगतात तसं सांगत गेल्या. घाई नको. क्लच हळू. गाडी स्वतः ओढायला लागली की मगच हँडब्रेक सोड. पहिल्यांदा इंजिन बंद पडलं. गाडी वीतभर मागे आली तेव्हा अक्काने सीटची कड घट्ट धरली. दुसऱ्यांदा गाडीने माती धरली आणि चढायला लागली, आणि बाई तिच्यामागून चालत, धापा टाकत वर आल्या. वर पोचेपर्यंत भाचा उतरून उभा होता आणि त्याला हसू आवरत नव्हतं. पुढच्या रविवारी पुन्हा येतो म्हणाला, दोन-तीनदा केल्याशिवाय हात बसायचा नाही. आईला न्यायची गोष्ट त्याने काढली नाही. तो हात धुवायला आत गेला.

बाईंचा जीव भांड्यात पडला. चाकाखाली लावायचा ठोकळा काढायला त्यांनी मागचं दार उघडलं, तर ठोकळ्यापलीकडे अक्काची पिशवी होती. घट्ट बांधलेली. त्यांनी गाठ सोडून बघितलं. चार कपडे, औषधांचा डबा, वाचायचा चष्मा, दोघींचा तरुणपणीचा फोटो. पहाटे बाई आंघोळीला गेल्या असताना काठी टेकत टेकत अक्काने ती आणून ठेवली असणार.

बाईंचा पारा चढला. पिशवी हातात धरूनच त्या पुढे आल्या. अक्का अजून सीटवरच होती, बाहेर वळून, पाय पायरीवर ठेवून.

"माझ्या गाडीवर एवढासुद्धा विश्वास नव्हता तुझा?"

"गाडीवर होता," अक्का म्हणाली. "तुझ्यावर नव्हता. गाडी चढली नसती तर तू मला जा म्हणाली नसतीस, धाकटे. तिथेच रस्त्यात भांडत बसली असतीस पोराशी, आणि हरली असतीस. तुला ते बघायला लागू नये म्हणून मीच तयारीने बसले होते. न बोलता उतरून त्याच्या गाडीत बसायचं, असं ठरवलं होतं."

"आणि तुला जायचं होतं का?"

अक्काने पहिल्यांदाच नजर चुकवली. "रात्रभर रडले मी ती पिशवी भरताना," ती म्हणाली.

बाईंनी काळ्यानिळ्या अंगठ्याचा हात अक्कापुढे केला आणि तिला खाली उतरवून घेतलं. मग पिशवी घेऊन त्या आत गेल्या आणि एकेक वस्तू काढून जागच्या जागी ठेवायला लागल्या. कपडे कपाटात, औषधं खिडकीत. फोटो मात्र त्यांनी बराच वेळ हातातच धरून ठेवला.