चौदा ठिकाणं

हेमंत तांडेलाचा कोणावर विश्वास नव्हता. मासे हमखास लागतात ती त्याची समुद्रातली चौदा ठिकाणं पेनड्राइव्हवर होती आणि नव्या जीपीएसमध्ये भरायची होती. पण बंदरातल्या प्रत्येक संगणकवाल्याचा मेव्हणा कुठल्या ना कुठल्या बोटीवर. म्हणून मासेमारी बंद असताना त्याने दोन्ही वस्तू आपल्या खलाशाच्या, जिवाच्या हवाली केल्या.

"तुझ्या डोंगरात कर. मोखाड्यात मासे कोण चोरणार? काम झालं की पेनड्राइव्ह ठेचून टाक. गडबड केलीस तर बोटीवर पाय ठेवायचा नाय."

बोट गेली तर पुन्हा वीटभट्टी. 

मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्याला उमेशचं फॉर्म भरायचं दुकान आहे. जिवासोबत त्याची आई फागीही निघाली. कंदाचे वेल पावसात दिसतात, पुढे वाळून जातात; मग कुठे खणायचं ते फागीलाच ठाऊक. गुडघे धरले तशी तिने रानातली आपली चौदा ठिकाणं जिवाच्या फोनमध्ये घ्यायला लावली होती. पण जिवाचे दोन फोन आधीच समुद्राने गिळलेले, म्हणून ती उमेशच्या संगणकात ठेवायची होती. नाव मात्र एकालाही नाही. नाव घेतलं की कंद खोल सरकतो, असं तिचं ठाम मत. नुसते आकडे, एक ते चौदा. नाव फुटतं म्हणून तांडेलानेही तेच केलं होतं.

मोटारसायकलच्या बॅटरीवर जीपीएसचं मशीन सुरू झालं. पडद्यावर बोट उमटली, थेट खोडाळ्याच्या बाजारात. उमेशने दोन्ही याद्या एकदमच कार्डात घातल्या आणि कार्ड मशीनमध्ये. मशीनने विचारलं, याच आकड्यांची ठिकाणं आधीच आहेत, त्यांच्या जागी ही घेऊ? उमेशने 'होय' दाबलं. पंधरा वर्षं तो न वाचताच 'होय' दाबत आलाय. जिवाने पेनड्राइव्ह इमानाने ठेचला.

ऑगस्टात भर समुद्रात तांडेलाने सातवं ठिकाण लावलं. मशीन म्हणालं, पूर्वेला चौऱ्याहत्तर मैल. तांडेल महाहट्टी. बोट बंदराला लावली, तिथून जीप, मग पायी. मशीन त्याच्या पोटाशी, बॅटरी जिवाच्या डोक्यावर. एका माळावर मशीन पीप पीप करू लागलं. पोहोचलात! समोर कंदाचा वेल. मागोमाग लंगडत फागी आली.

"माझी जागा कोणी फोडली?"

"आधी माझी कुठं गेली ते सांग!" तांडेल ओरडला.

सगळे उमेशकडे गेले. "सगळं आहे," उमेश शांतपणे म्हणाला. "मी कधीच काही पुसत नाही."

तांडेलाला आनंद व्हावा की घाम फुटावा कळेना. आता 'होय' बंद. उमेशने एकेका ठिकाणाचे अक्षांश-रेखांश मोठ्याने वाचायचे, तांडेलाने स्वतःच्या बोटाने मशीनमध्ये भरायचे, मग संगणकातून पुसायचे. दोन तास हे चाललं. फागी बाकावर गुडघे चोळत बसली होती.

काम संपलं तसा तांडेल उठला. "जिवा, उद्यापासून येऊ नको."

 मांडीवरची बॅटरी खाली ठेवायचंही जिवाला सुचेना.

"सातवा," बाकावरून फागी म्हणाली. "एकोणीस, पंचेचाळीस, एकशे वीस. बहात्तर, आठ, सातशे चार. पुढचा हितंच म्हणू, का बंदरावर येऊन म्हणू?"

तांडेलाने घाईने दार लोटून घेतलं.

"आये, हळू," तो म्हणाला. "जिवा, बॅटरी उचल. जीप चुकेल."