बायकांच्या बाजूचा शेवटचा बाक

"पाणी कसलं होतं?" पाद्रीबाबांनी विचारलं.

ओसमुंडनं डोक्यावरची टोपी काढली आणि नुसतीच हातात फिरवत राहिला. पुढ्यात हातभर लांबीचा मातीचा उंचवटा होता. त्याची पोर जानेवारीत गेली होती. तेव्हा जमीन अशी गोठलेली की कुदळ उडून परत यायची. एप्रिलपर्यंत ती लाकडी पेटी धान्याच्या कोठीत राहिली. आता जून होता आणि अमेरिकेतल्या डकोटाच्या त्या अफाट माळावर गवत गुडघ्याला लागलं होतं.

पाद्रीबाबा वर्षातून एकदाच, जूनमध्ये, घोडागाडीतून यायचे. नॉर्वेहून येऊन वसलेल्या त्या सगळ्या वस्तीची राहिलेली धर्मकार्यं ते दोन दिवसांत उरकत. लग्नं लागायची, बारशी व्हायची, आणि कधीकधी दोन्ही एकाच जोडप्याची. कुणी तोंड वाकडं करत नसे. माणसं इतकी थोडी होती, की एकमेकांना नावं ठेवणं परवडण्यासारखं नव्हतं. शेवटी पाद्रीबाबा वर्षभरात पुरलेल्या प्रत्येकाच्या थडग्यावर फावड्यानं तीनदा माती टाकत. ती पडली की माणूस देवाच्या हवाली झाला. तोवर तो नुसताच पुरलेला.

पण बाप्तिस्म्याशिवाय ही माती पडत नसे, आणि तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा घरीच उरकला असेल, तर आधी चौकशी व्हायची. कुणी दिला, पाणी होतं का, शब्द कोणते म्हटले, साक्षीला कोण होतं.

"ओसमुंड, बाबा रे, मी विचारतोय," पाद्रीबाबा म्हणाले.

 ओसमुंडनं बाप्तिस्मा दिलाच नव्हता. पाच महिने तो सिग्रीशी, आपल्या बायकोशी, खोटं बोलत आला होता.

बाळंतपणाला शेजारची बेरितकाकू आली होती. निघताना तिनं त्याला दारातच बजावलं होतं, "पोर निळी पडायला लागली तर माझी वाट बघत बसू नकोस. तीनदा पाणी घाल डोक्यावर. पिता, पुत्र, पवित्र आत्मा. एवढं तर येईल ना रे, घोड्याच्या व्यापाऱ्या?" दुसऱ्या दिवशी दुपारी हिमवादळ सुटलं आणि पोर निळी पडायला लागली. सिग्री तापात भिंतीकडं तोंड करून पडलेली. ओसमुंडनं भांडं हातात घेतलं आणि खाली ठेवलं. पाणी घालायचं म्हणजे ही चालली असं आपल्या तोंडानं कबूल करायचं. ते त्याच्यानं झालं नाही. चूल विझेपर्यंत तो पोरीला घेऊन बसला. ताप उतरल्यावर सिग्रीनं एवढंच विचारलं, "दिलास ना?" आणि तो म्हणाला, "दिला."

"बर्फ वितळवून घेतलं होतं, पाद्रीबाबा," मागून आवाज आला. सिग्री पुढं झाली. "कोमट पाणी होतं. शब्द नीट म्हटले यानं. मी पाहिलं."

"आणि नाव?"

"थोरा. याच्या आईचं."

ओसमुंडनं मान वर केली नाही. नावाचा विषय त्यांच्यात कधी निघालाच नव्हता. सिग्रीनं खरंच पाहिलं असेल, तर काय पाहिलं असेल हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणि ही कोण बोलत होती? सिग्री! जिच्यादेखत ओसमुंडला घोडा विकता येत नसे. गिऱ्हाइकानं वय विचारलं की हा "सात" म्हणायचा आणि ही आतून ओरडायची, "नऊ! आणि मागच्या डाव्या पायानं लंगडतो!" बेरितकाकू म्हणायची, "सिग्रीला आरशापुढं उभी करू नका. खरं ऐकून आरसाच रडेल."

पाद्रीबाबांनी दोघांकडं पाहिलं. मग फावडं उचललं. तीनदा माती पडली. सिग्रीनं डोळे पुसले, ओसमुंडनंही पुसले. पण तिच्याकडं बघायची त्याची छाती झाली नाही.

त्याच दिवशी बेरितकाकूच्या कोठारात प्रार्थना झाली. फळ्या टाकून बाक केले होते. बायका डावीकडं, पुरुष उजवीकडं, गावाकडच्या रिवाजाप्रमाणं. प्रभुभोजनासाठी सगळे भाकरीच्या तुकड्याला आणि घोटभर द्राक्षरसाला पुढं गेले, आणि सिग्री शेवटच्या बाकावर बसून राहिली. नॉर्वेत असताना बर्फ तुडवत सात मैल चालून या एका घासासाठी जाणारी बाई ती. ओसमुंडला उमगलं. देवासमोर खोटं बोललेल्या तोंडात तिला तो घास घालवत नव्हता.

तो तरी कसा जाणार? खरं सांगावं तर सिग्री खोटी पडते, न सांगावं तर पाय उचलत नाही. तो उठला, कोठाराच्या मधून चालत बायकांच्या बाजूला गेला आणि तिच्या शेजारी बसला.

"अगं बाई," बेरितकाकू कुजबुजली, म्हणजे सगळ्यांना ऐकू गेलं. "वाट चुकला वाटतं."

"भिंतीकडं सरक," सिग्री म्हणाली. बस, एवढंच.

ते तिथं बसले ते बसलेच. दिवस किती भराभर गेले! पुढं दोन मुलगे झाले. ढेकळांचं घर जाऊन लाकडाचं आलं. भाजलेल्या जवाच्या काळ्या पाण्याला आपण कॉफी म्हणत होतो, हे सांगितलं तर पोरं हसायची. बेरितकाकू गेली, जाताना आपल्या शवपेटीला कुठलं लाकूड नको ते सांगून गेली. कोठाराच्या जागी पांढरं, टोकदार मनोऱ्याचं चर्च उभं राहिलं, आणि पाद्रीबाबा तिथंच कायमचे राहायला आले. आता थकलेली माणसं बाजारात भेटली की म्हणतात, काय ते हाल होते! आणि म्हणताना त्यांचे डोळे असे चमकतात, की हाल पुन्हा मिळाले तर लगेच घेतील.

दर जूनला प्रभुभोजनाआधी सिग्री पाद्रीबाबांना एकटीच भेटायची. दोन मिनिटं आत, मग बाहेर, आणि थेट शेवटच्या बाकावर. ती आत काय बोलते हे ओसमुंडला कधी कळलं नाही. त्याला वाटायचं, ही माझीच तक्रार करत असणार. माझ्यामुळं पोर बाप्तिस्म्याविना गेली, आणि माझ्यामुळं हिचा देवही गेला. घरात ती त्याच्यावर ओरडायची, त्याचे मोजे विणायची, गारठ्यात पाठीला पाठ लावून झोपायची. पण त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही. त्यानंही विचारलं नाही. उत्तर ऐकायची भीती वाटायची. अशी तेवीस वर्षं गेली.

सिग्रीनं अंथरूण धरलं ते कापणीच्या दिवसांत. पाद्रीबाबा प्रभुभोजनाच्या भाकरीची डबी घेऊन सकाळीच आले. ओसमुंड उठून बाहेर जायला लागला.

"राहू दे त्याला," सिग्री म्हणाली. "ऐकू दे एकदा."

पाद्रीबाबा खाटेशी बसले. "सिग्री, आता तरी सांग. त्या साक्षीचा पश्चात्ताप होतो का तुला? एकदा हो म्हण. म्हणजे ही भाकरी तुला देता येईल."

"दरवर्षी विचारता आणि दरवर्षी मी नाही म्हणते," सिग्री म्हणाली. श्वास घ्यायला ती थांबली. "खोटं बोलले ते चूकच होतं. पण तो दिवस पुन्हा आला ना, तर पुन्हा तेच बोलेन. मग पश्चात्ताप झाला असं कसं म्हणू? ते आणखी एक खोटं व्हायचं."

"पण का गं?"

"मी जागी होते, पाद्रीबाबा. मान वळवून सगळं पाहिलं. शर्टाची बटणं काढून पोरीला त्यानं छातीशी धरलं होतं. चूल विझली तरी सोडली नाही. पाणी नाही घातलं, पण रडत होता तिच्या डोक्यावर. तेवढं देवाला पुरत नसेल, तर ते माझं नि देवाचं भांडण. यात याला ओढू नका."

ओसमुंड दाराच्या चौकटीला धरून उभा होता. तेवीस वर्षं जे विचारायचं धाडस झालं नाही, त्याचं उत्तर असं परस्परच मिळालं. त्याला हुंदका आवरला नाही.

"आता रडतोय," सिग्री त्याच्याकडं बघत म्हणाली. "अरे, त्यांना कॉफी तरी दे."

पाद्रीबाबांनी डबी उघडली नाही. त्यांनी कॉफी घेतली, आणि दुपार कलेपर्यंत ते तिचा हात धरून बसले. तिसऱ्या दिवशी सिग्री गेली. तिच्या थडग्यावर पाद्रीबाबांनी तीन फावडी माती टाकली.

पुढच्या जूनला पाद्रीबाबांनी ओसमुंडला चर्चच्या दारातच गाठलं. "तुझं सगळं मला ठाऊक आहे आणि तुला किती लागलंय तेही. आज पुढं ये."

"बघतो," ओसमुंड म्हणाला, आणि आत जाऊन आपल्या जागी बसला.

वस्तीत नव्यानं आलेली एक सून तिथं आली. तिनं वाकून हळूच सांगितलं, "आजोबा, ही बायकांची बाजू आहे."

"हो पोरी, ठाऊक आहे," ओसमुंड म्हणाला, आणि भिंतीकडं सरकला.

ती शेजारी बसणार होती. पण त्यानं ज्या बेतानं, बरोबर एका माणसापुरती जागा केली होती, ते पाहून ती जागा दुसऱ्याच कुणाची आहे हे तिला उमगलं, आणि ती पुढच्या बाकावर जाऊन बसली. थोड्या वेळानं भाकरीचं बोलावणं झालं. सगळे उठून पुढं गेले. ओसमुंड बसून राहिला.