सव्वातीनशे किलोमीटरचा वळसा

विमान कंपनीच्या ऑफिसात त्याला सगळे 'वळसेवाले' म्हणत. कुठलं विमान कुठून न्यायचं याचा मार्ग आखणं हे त्याचं काम, आणि त्याने आखलेली प्रत्येक रेघ भिंतीवरच्या सपाट नकाशावर वाकडी दिसे. नवीन माणूस हटकून विचारायचा, सरळ का नेत नाही? मग तो टेबलावरच्या पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरायचा. दोरा आपोआप वर, बर्फाळ उत्तरेवरून जायचा. "सरळ हाच आहे. वाकडा तुमचा नकाशा आहे." सतरा वर्षांत या उत्तरातला एक शब्द त्याने बदलला नव्हता.

त्या दिवशी मात्र त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. दुपारी तीनला आईचं हृदयाचं ऑपरेशन होतं आणि आत जाण्याआधी थोरल्याला बघायचंय, असा आईने हट्ट धरला होता. थोरला, म्हणजे दादा, सात तासांवरच्या देशात पूल बांधत होता. तो याच कंपनीच्या विमानाने येणार होता आणि ते सव्वादोनला उतरणार होतं. पासपोर्टची रांग, मग पाऊण तासाचा रस्ता. दादा पोचेपर्यंत साडेतीन वाजणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नव्हता.

दोघा भावांचा चार वर्षं अबोला होता. वडील गेले तेव्हा दादा एक दिवस उशिरा पोचला आणि "तुला यायचंच नव्हतं," असं हा चारचौघांत बोलून गेला. तेव्हापासून निरोपांची ने-आण वहिनी करत, दोघांनाही गाढव समजून.

सकाळी सहाला त्याने वाऱ्याचा तक्ता उघडला. बर्फावरच्या जवळच्या मार्गावर वारा पडलेला होता. पण बराच दक्षिणेला, दहा किलोमीटर उंचीवर, वाऱ्याचा एक पट्टा पूर्वेकडे सुसाट निघाला होता, आणि विमानालाही पूर्वेलाच यायचं होतं. तिथून आणलं तर अंतर सव्वातीनशे किलोमीटरने वाढत होतं आणि वेळ अडतीस मिनिटांनी वाचत होता. त्याने आकडे तीनदा तपासले. इंधनही कमी लागत होतं, त्यामुळे भावासाठी कंपनीला खड्ड्यात घातलं असं म्हणायची कोणाला सोय नव्हती.

तेवढ्यात दादाला सोडायला गेलेल्या वहिनींचा तिकडच्या विमानतळावरून फोन आला. "भावजी, हे विचारतायत, विमान कुठून येणार?"

"दक्षिणेकडून."

मागून दादाचा आवाज आला, "म्हणजे लांबून आणतोय?"

"हे म्हणतायत..."

"ऐकलं, वहिनी. त्याला सांगा, लांबचा आहे, पण लवकरचा आहे."

"शाळेतही असाच जायचा," मागचा आवाज म्हणाला.

विमान एक सदतीसला उतरलं. इस्पितळात आईच्या खाटेशेजारी बसून त्याने फोनवर ते पाहिलं आणि छाती फुगवली. दहा मिनिटांनी तिकडून वहिनींचा फोन. "हे अजून विमानातच आहेत, भावजी. दार उघडत नाहीयेत."

विमान लवकर येणार असेल तर विमानांना उभं राहायचं गेट वाटणाऱ्या बाईंना आधी कळवायचं, ही मार्ग आखणाऱ्याची जबाबदारी. यावरून त्याने कित्येकांना फैलावर घेतलं होतं. आज आनंदाच्या भरात तोच विसरला होता. गेटवर दुसरं विमान ठाण मांडून होतं आणि सव्वादोनपर्यंत हलणार नव्हतं. त्याने बाईंच्या विनवण्या केल्या.

"वळसेवाले, विमान काय कडेवर घेऊ?" बाई म्हणाल्या.

तीनला पाच मिनिटं असताना आईला न्यायला आले. "आला का रे?"

"आलाय, आई. विमानतळावर आहे."

"मग इथे यायला काय होतंय त्याला?"

तिची खाट दाराआड गेली आणि त्याला रडू कोसळलं.

साडेतीनला दादा सामान तिकडेच सोडून धावत आला, बंद दार पाहून मटकन बाकावर बसला. हा त्याच्या शेजारी जाऊन बसला.

"चूक माझी आहे, दादा. गेटचं सांगायला विसरलो. आणि बाबा गेले तेव्हा बोललो तेही चुकलं. यायचं असूनही माणूस पोचत नाही कधीकधी."

"एवढं कळायला विमान अडकवावं लागलं तुला?" दादा म्हणाला. त्याचे डोळे मात्र भरले होते.

सहाला डॉक्टरबाई बाहेर आल्या. ऑपरेशन नीट झालं होतं, आई शुद्धीवर येत होती. "एकालाच सोडते आत. कोण येतंय?"

"तू जा," दादा म्हणाला. "इतकी वर्षं तूच आहेस तिच्यापाशी."

"म्हणूनच तू जा. मला बघितलं की लगेच विचारेल, थोरला कुठे आहे."

दादा आत गेला. दार पुरतं लागायच्या आत आईचा क्षीण आवाज बाहेर आला, "धाकटा कुठे आहे?"