ग्लेंडाची वेणीदार कॉइल

नॉरिसच्या कोटाला सिगारेटचा वास आला आणि ग्लेंडाचं डोकंच सटकलं. गेल्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्यात नवरा हातचा जाता जाता वाचला होता. डॉक्टरांनी सिगारेट सोडायला लावली, बदल्यात व्हेप, म्हणजे विजेवरची वाफेची सिगारेट, हातात आला. त्यातली कॉइल, म्हणजे निकोटिनचा रस तापवून त्याची वाफ करणारी तारेची गुंडाळी, ग्लेंडा स्वतः वळून द्यायची. आता पुन्हा सिगारेट म्हणजे पुन्हा तेच हॉस्पिटल.

"खोपटामागे जाऊन ओढतोस ना? लाज नाही वाटत?"

नॉरिस बुटांकडे बघत राहिला.

"आता मूग गिळून बस!" म्हणत तिनं त्याचा व्हेप उचलला आणि तडक डॅरिलचं दुकान गाठलं. ग्रिम्सबीतले निम्मे म्हातारे डॅरिलकडूनच रस आणि तारा न्यायचे.

"डॅरिल, ह्याच्यासाठी आणखी कडक रस दे. मेल्याची सिगारेट सुटत नाहीये."

डॅरिलनं व्हेपची रसाची टाकी उघडली आणि शिट्टीच वाजवली. "मावशी, ही तुम्ही केलीत?"

"मग कोण करणार? अख्ख्या गावाच्या नवऱ्या मुलींचे केस माझ्या हाताखालून गेलेत!" ग्लेंडानं मान ताठ केली. एकेरी भुंडी तार तिला बघवायची नाही. चार तारा घेऊन तिनं गव्हाच्या ओंबीसारखी घट्ट वेणी घातली होती आणि मग ती गुंडाळली होती.

"दिसायला झकास! पण चालवता किती वॅटवर?"

"पंधरा. उगाच घसा भाजायला नको त्याचा."

डॅरिलनं रस शोषणारा आतला कापूस काढला आणि बटण दाबलं. तार काळीच. दाबून धरलं, तरी काळीच. बऱ्याच वेळानं कुठे मधोमध जरा लाली आली, तीही नाइलाजानं आल्यासारखी.

"तोवर काकांचा दम संपतो, मावशी. एवढ्या जाड वेणीला साठेक वॅट तरी हवेत, आणि हे यंत्र विसाच्या वर जात नाही. काकांच्या तोंडात येत असेल कोमट हवा आणि रसाचे थेंब. कडक रस घेऊन काय उपयोग? बारीक एकेरी तार घ्या."

"मग हा बोलला का नाही?"

डॅरिल शहाणा. तो बाटल्या पुसायला लागला.

घरी येऊन ग्लेंडानं बारीक तारेचे स्क्रूड्रायव्हरवर मोजके वेढे घेतले. झाली नुसती स्प्रिंग! तिला जीव नकोसा झाला, पण बटण दाबताच मधून बाहेरच्या बाजूला सगळे वेढे सारखे लाल झाले. तिनं कापूस ओवला, रसात भिजवला, वॅट तेवढेच ठेवले आणि व्हेप नॉरिसपुढे आपटला.

"ओढ."

त्यानं ओढलं. डोळे मिटले, एकदा खोकला, आणि त्याचा चेहरा फुलला. "अगं, लागलं की घशाला! अस्सं पाहिजे!" कोटाच्या अस्तरातून सिगारेटचं पाकीट काढून त्यानं आपणहून नळाखाली धरलं.

"आधी का नाही बोललास?"

"तू किती हौसेनं वळायचीस ती वेणी. तुझं मन मोडवेना."

"माझं मन राखायला जीव द्यायला निघालास, गाढवा?" ग्लेंडाला रडू फुटलं. तिनं त्याला घट्ट मिठी मारली, आणि रडता रडता एकदम थांबली.

"नॉरिस. माझी रविवारची ग्रेव्ही तुला खरंच आवडते ना?"

नॉरिसनं घाईघाईनं व्हेप तोंडाला लावला आणि एवढा लांब झुरका घेतला, की वाफेमागे त्याचं तोंड दिसेनासं झालं.