दोन मासे, एकाच दिशेला

लताचं लग्न नीट पार पडलं, म्हणून आता हे लिहायला हरकत नाही. लग्नाआधी लिहायला बसलो असतो तर पहिल्या ओळीपुढे गेलो नसतो.

मी चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, एवढंच काम. त्यामुळे स्वतः काही करायला घेतलं की त्यातली चूक मला सुरुवातीलाच दिसू लागते आणि मी ते काम बाजूला ठेवतो. लग्नही असंच बाजूला राहिलं. निवृत्त झाल्यावर मुलुंडच्या एका खोलीत पुस्तकांबरोबर राहत होतो. चेंबूरला धाकटी बहीण प्रेमा आणि तिची मुलगी लता, एवढीच माझी माणसं.

एशियाड झालं त्याच्या पुढच्या वर्षी लताचं ठरलं. आमच्यात नवरीची जोडवी मामा देतो. मी तिला विचारलं, "कशी हवीत तुला?"

"आईची," ती म्हणाली.

प्रेमा भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही. तिचे यजमान, दत्ताराम, तीन वर्षांपूर्वी गेले. त्या दिवशी बायकांनी तिच्या पायांतली जोडवी काढली आणि मग कुणीतरी ती कापसात गुंडाळून गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ठेवली. चांगली रुंद होती, कोकणातल्या घडणीची. प्रत्येकावर बोटाला आडवा एक मासा. वरून पाहिल्यासारखा दिसे तो, एका टोकाला तोंड, दुसऱ्या टोकाला शेपूट. लहानपणी लता आईच्या पायांशी बसून त्या माशांशी गप्पा मारायची.

प्रेमाची मोठी जाऊ शेवंती त्या वेळी तिथेच होती. ती म्हणाली, "उतरवलेली जोडवी नवरीच्या पायात? काय गं लता, मामाला बाजारात दुसरी मिळत नाहीत का?"

"मला दुसरी नकोत, काकू."

"जाऊ दे गं," प्रेमा हळूच म्हणाली. "मलाही नाही बरं वाटायचं. उगाच कुणी काही बोलेल."

लता उठून आत गेली. शेवंतीलाही बहुधा वाईट वाटलं असावं, कारण निघताना ती म्हणाली, "आटवून नवी केली तर गोष्ट वेगळी. मग ती नवीच झाली. मग कुणी काही बोलणार नाही."

हे वाक्य मी मुलुंडपर्यंत बसमध्ये घोळवत आलो. चांदी तीच, घडण तीच, पण जोडवी नवी. मला यात पळवाट दिसत होती आणि पळवाट आवडली याची लाजही वाटत होती.

पुढच्या खेपेला प्रेमाकडून डबी मागून आणली. आमच्या इथल्या सोनाराने ती उघडूनही पाहिली नाही. "आजोबा, आटणी सगळ्यांची एकत्र होते. तुमची चांदी तुम्हाला कशी ओळखून देऊ? आणि तुम्ही सांगता तसला मासा आता कोण बनवतो?" मग थोडा विचार करून त्याने घाटकोपरच्या एका ओतकाम करणाऱ्याचं नाव सांगितलं. कुंडलिक.

कुंडलिकची जागा घाटकोपर पश्चिमेला, टेकडीच्या पायथ्याशी. पत्र्याची शेड, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, कोपऱ्यात भट्टी. माणूस चाळिशीचा, हुपरीला चांदीच्या कामात तयार झालेला. मी सगळं सांगितलं, अडखळत सांगितलं. त्याने एक जोडवं उचलून उजेडात धरलं.

"काम सोपं आहे. पण मी नाही करणार."

"का?"

"आठवणीतला माल मी घेत नाही, मास्तर. एकदा आटला की लोक परत येऊन रडतात. आमचं ते असं नव्हतं, तसं होतं म्हणतात. तुम्ही स्वतः ओता. मी शिकवतो. मग भांडण तुमचं तुमच्याशी."

मी मास्तर नाही, हे सांगायचं राहूनच गेलं. शेवटपर्यंत तो मला मास्तरच म्हणत होता.

"आणि एक विचारू?" तो म्हणाला. "राग नका मानू. बाईचा नवरा गेला म्हणून चांदी बाटते काय? माझा बाप जाऊन बारा वर्षं झाली. आई अजून घालते जोडवी. कुणाची हिंमत नाही काढ म्हणायची."

"माझ्या बहिणीला लोक बोलतील," एवढंच म्हणालो.

"हां. ते खरंय," तो म्हणाला आणि मला वाळूच्या पाटीजवळ बसायला गोणपाट दिलं.

सहा रविवार मी तिथे गेलो. वाळू पिठासारखी चाळलेली, त्यात थोडी माती आणि काकवी. मूठभर घेऊन दाबायची, मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे राहिले पाहिजेत आणि लाडू मोडला तर स्वच्छ तुटला पाहिजे. ओली राहिली तर वाफ धरते आणि तापलेला धातू अंगावर उडतो. लोखंडी चौकटीचे दोन भाग. खालच्या भागात वाळू ठोकून नमुना अर्धा रुतवायचा, फडक्याच्या पुरचुंडीतून राख भुरभुरायची, म्हणजे वरची वाळू खालचीला चिकटत नाही. मग वरचा भाग ठेवून ठोकायचा, उघडायचा, नमुना चिमट्याने अलगद काढायचा. राहते ती नुसती पोकळी. तिला धातू आत जायला एक वाट, हवा बाहेर पडायला दुसरी.

सरावाला पितळेचे तुकडे होते आणि एक जुनी कडी. माझी पहिली कडी अर्धीच आली. दुसरीला भोकं पडली. तिसऱ्या वेळी वाळू ओली होती, फट्कन उडाली आणि माझा सदरा दोन ठिकाणी जळला.

"वाट लागली सदऱ्याची," कुंडलिक म्हणाला. "माणूस वाचला. पुढच्या रविवारी जुना घालून या."

"मला नाही जमायचं हे."

"मास्तर, तुम्ही वाळूत अक्षरं शोधताय. ठोका जोरात. वाळूला काही दुखत नाही."

पाचव्या रविवारी कडी नीट आली. मी ती खिशात घालून घरी आणली आणि पुस्तकांच्या फळीवर ठेवली.

सहाव्या रविवारी डबी घेऊन गेलो. भीती मला एकाच गोष्टीची होती. जुनी जोडवी आटवल्यावर त्यांचा आकार जगात फक्त त्या वाळूत उरणार होता आणि ओतल्यावर वाळूही मोडायची होती. चूक झाली तर प्रेमाची जोडवी कायमची गेली. लताला मी काय सांगणार होतो?

त्यात एक अडचण निघाली. डाव्या पायातल्या जोडव्याचा मासा झिजून गुळगुळीत झाला होता, खवलं जवळजवळ नव्हतीच. कुंडलिक म्हणाला, "याचा ठसा काय येणार? चांगलं घ्या आणि त्याचेच दोन साचे करा."

मी तसंच केलं. दोन चौकटी, दोन्हींत तेच जोडवं. मग दोन्ही जोडवी मुशीत, चांदी वितळवायच्या भांड्यात, टाकली. वाटा भरायला जास्तीची चांदी लागते, म्हणून माझा एक चांदीचा चमचाही टाकला. चांदीतला मळ सुटावा म्हणून सवागीची चिमूट टाकली. कुंडलिक भाता मारत होता. मासे आधी लाल झाले, मग त्यांच्या कडा गेल्या, आणि मग मुशीत नुसता एक चकाकणारा थेंब फिरू लागला. तोवर मी तीनदा "थांबूया का" म्हणालो होतो. तिसऱ्यांदा त्याने भाता आणखी जोरात मारला.

"आता. न थांबता. मध्ये थांबलात तर सांधा राहतो."

मी चिमट्याने मूस उचलली आणि ओतली. चौथ्यांदा थांबूया म्हणालो नाही. का, ते मला माहीत नाही.

साचे मोडले तेव्हा दोन्ही पूर्ण आली होती. खवलं, डोळे, शेपटीच्या रेघा, सगळं. वाटा कापल्या, कानशीने शिवण घासली, रिठ्याच्या पाण्यात ब्रश मारला. कुंडलिकने हातात घेऊन पाहिली आणि म्हणाला, "झकास. शागिर्दाचं काम आहे, पण झकास." आयुष्यात मला इतकं बरं क्वचितच वाटलं असेल.

ते घरी पोचेपर्यंतच टिकलं. रात्रीचं जेवण मांडण्याआधी मी जोडवी टेबलावर ठेवली, दोन्ही सारखी, आणि पाहतच राहिलो. दोन्ही मासे एकाच दिशेला तोंड करून होते. डबीत ते कायम समोरासमोर असायचे. एक डावं, एक उजवं. मी उजव्याचे दोन साचे केले होते. माझ्याकडे आता दोन उजवी जोडवी होती आणि डावं जगात कुठेच उरलं नव्हतं.

छापखान्यात अक्षराचा खिळा उलटा पडला तर तो काढून दुसरा घालता येतो. इथे दुसरा नव्हता. कुंडलिककडे परत जायची लाज वाटली. त्यालाही हे कळलं नाही, की कळूनही माझ्यासाठी गप्प बसला? दोन दिवस मी काही वाचलं नाही. चहा आणि बिस्किटांवर काढले. तिसऱ्या दिवशी चेंबूरला गेलो, कारण न जाणं त्याहून कठीण होतं.

प्रेमा आणि लता दोघी घरी होत्या. मी डबी सतरंजीवर ठेवली आणि उघडायच्या आधीच बोलायला लागलो. डावं झिजलं होतं, म्हणून उजव्याचेच दोन साचे केले, माझ्या लक्षात आलं नाही, आता दोन्ही उजवीच आहेत, जुनी आटली, मी परत करू शकत नाही. लता डबीकडे बघत होती. प्रेमा माझ्याकडे.

"डावं उजवं?" प्रेमा म्हणाली.

"मासे समोरासमोर होते ना तुझे."

"दादा, जोडव्याला कुठलं आलंय डावं उजवं?"

तिने एक जोडवं उचललं, चिमटीत धरून नुसतं फिरवलं. पुढची कड मागे गेली आणि माशाचं तोंड दुसरीकडे झालं. मला तरी नीट कळेना. मी बहुधा तसाच बघत राहिलो असेन. ती जराशी वैतागली. "हे बघ," म्हणाली, आणि पाय पुढे घेऊन एक उजव्या पायाच्या बोटात सरकवलं, दुसरं फिरवून डाव्या. मासे एकमेकांकडे बघत होते.

"वीस वर्षं अशीच घातली. धुताना काढायची, हाताला येईल ते या पायात. कधी उलटं गेलं तर फिरवायचं."

मग तिलाच कळलं आपण काय केलं ते. ती पायांकडे बघत राहिली. मी दाराकडे पाहिलं, दार लोटलेलं होतं. तिने लगेच काढायला हवी होती, पण ती क्षणभर तशीच बसली आणि पायाची बोटं थोडी हलवली, नवी चप्पल घातल्यावर हलवतो तशी.

"मग, मामा?" लता म्हणाली. "आता पुन्हा आटवायची का?"

प्रेमा हसली. तोंडाला पदर लावून, पाठीत वाकून हसली. दत्ताराम गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मलाही हसू आलं, आणि हसता हसता पोटात इतकी भूक उठली की मी विचारलं, "घरात काही आहे का खायला?"

"भात आहे, कालचं सांबारं आहे. दोन दिवस जेवला नाहीस ना? तोंड बघ." तिने जोडवी काढली, पदराला पुसली, आणि तिथेच लताच्या पायांत घातली. मापाला थोडी सैल होती, तिने ती काढून उघडी टोकं दातांखाली धरून दाबली आणि पुन्हा घातली.

लग्नाच्या दिवशी शेवंतीने लताचे पाय पाहिले आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "नवी आहेत ना, भाऊजी?"

"नवी आहेत," मी म्हणालो. "मी स्वतः ओतली."

आवाज जरा मोठाच निघाला. दोन-तीन माणसांनी वळून पाहिलं, आणि मी त्यांनाही तेच सांगितलं.