वीस ठोके आणि एक चिमूट

मित्रांनो, मी एक जुनं, किल्लीचं स्टॉपवॉच आहे आणि स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. माझ्या पोटात एक गुंडाळलेली स्प्रिंग आहे. तिला किल्ली दिली की ती सुटायला बघते, आणि ती सुटायला बघते म्हणून मी चालतो. सेकंदाला पाच ठोके, ना एक कमी ना एक जास्त. माझ्या वहीत गप्पा नाहीत, कौतुक नाही, फक्त आकडे. पण एक फेरी माझ्या वहीत कोरी राहिली आहे. ती का राहिली, तेच आज सांगायला बसलो आहे. बसलो आहे म्हणायचं एवढंच!

माझा जन्म एका लांबट खोलीत झाला. खिडक्यांशी टेबलं होती आणि टेबलांशी डोळ्यात भिंग अडकवून बसलेल्या बायका. माझी चाकं बसवणाऱ्या बाईंना त्या दिवशी सर्दी झाली होती. शिंक आली की त्या आधी चिमटा खाली ठेवत, मान वळवत आणि मगच शिंकत. म्हणून मी धड जन्मलो. शेवटी त्यांनी मला कानाशी धरलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "हे जरा उतावीळ वाटतंय गं."

"दिवसाला किती पुढे?"

"अर्धा सेकंद असेल."

"मग असू दे. धावणाऱ्यांकडेच जायचंय त्याला."

आणि तसंच झालं. मी एका शाळेतल्या खेळाच्या सरांच्या हाती लागलो. सव्वीस वर्षं त्यांच्या गळ्यात शिट्टी होती आणि मुठीत मी. काय ते दिवस, मित्रांनो! शर्यत संपली की धापा टाकणारी पोरं मला गराडा घालायची. "सर, माझे किती? सर, माझे किती?" सरांच्या तोंडून निघालेला आकडा म्हणजे देववाणी. मीही फुगायचो. मात्र एक गोष्ट मी तेव्हाच टिपून ठेवली होती. शिट्टी वाजल्यापासून शेवटच्या रेषेपर्यंत सरांची नजर माझ्यावर असायची. पळणाऱ्या पोराकडे ती फक्त शेवटच्या पावलाला जायची, तीही पाय रेषेवर पडला की नाही ते बघायला.

सरांची मुलगीही त्याच शाळेत होती. बारा वर्षांची असताना ती शर्यतीत पळाली आणि चौथी आली. पळतच वडिलांपाशी आली नि म्हणाली, "बाबा, मी कशी पळाले?"

सर म्हणाले, "अठरा पूर्णांक चार."

 ती बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने खाली वाकली. नाडी सुटलेली नव्हती. त्यानंतर ती सरांच्या शर्यतीत कधी उतरली नाही. आकडा बरोबर होता हो, त्यात माझी चूक काढता येणार नाही. पण तेव्हापासून तो आकडा मला खटकत आला आहे.

पुढे शाळेत बॅटरीवर चालणारी घड्याळं आली, सर निवृत्त झाले आणि मी टेबलाच्या खणात गेलो. खणात कशाच्याही कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या होत्या आणि वाळलेली पेनं होती. तिथे मी सतरा वर्षं काढली असं घरातले म्हणतात. माझ्या हिशेबी ती शून्य सेकंद. मला कुणी किल्लीच दिली नव्हती!

एका दुपारी खण फाटकन उघडला. समोर सर होते, केस पांढरे झालेले. मागे त्यांची मुलगी, वय एक्केचाळीस. ती आता गाडी शिकवण्याच्या शाळेत शिक्षिका होती. चौदा वर्षं शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बसून, पाय दुसऱ्या ब्रेकवर ठेवून, "तीसच्या वर नको, तीसच्या वर नको" असं म्हणत तिने गावभर माणसं तयार केली होती. विद्यार्थी तिला पाठीमागे 'तीसबाई' म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि आवडत नव्हतं.

झालं होतं असं. शाळेच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे शर्यतीची एक जुनी गाडी होती. नवख्यांच्या शर्यतीत तिचं नाव दिलेलं, आणि नेमका त्यांचा चालवणारा जिन्यावरून पडून खांदा मोडून बसला. मिस्त्री म्हणाले, "ताई, तुम्हीच चालवा. चौदा वर्षांत एक गाडी ठोकली नाहीत."

"मिस्त्री, मी चालवलीच कुठे?"

"तेच म्हणतो. आता चालवा. शर्यत झाली की गाडी मी विकणार आहे."

म्हणजे संधी एकच. त्यातही अट होती. नव्या माणसाला शर्यतीआधी त्याच दुपारी एकट्याने तीन फेऱ्या मिळणार. त्यातली एक तरी दोन मिनिटं वीस सेकंदांच्या आत बसली तर शर्यतीत जागा, नाही तर घरी. ट्रॅक चौदा वळणांचा, चढउताराचा, भल्याभल्यांना घाम फोडणारा, आणि सरावाला आधी मिळणार नव्हता. मिळाला तो चाळीस मिनिटांचा एक व्हिडिओ. त्यात एक टक्कल पडलेले, थंड डोक्याचे जुने चालक गाडी चालवत एकेक वळण समजावून सांगत होते. सर त्यांना 'काका' म्हणू लागले. वयाने ते सरांहून लहानच असतील.

मग मित्रांनो, त्या घराची झोप उडाली. टीव्हीसमोर जेवणाच्या टेबलाची खुर्ची आली. स्टिअरिंग म्हणजे मोठ्या पातेल्याचं झाकण. क्लच नि ब्रेक म्हणजे सरांचे बूट, आणि तिसरा बूट नसल्याने ॲक्सिलरेटर म्हणजे आईची चप्पल.

"जरा जपून दाब गं," आई कपड्याला बटण लावता लावता म्हणायची. "पुढच्या महिन्यात मला ती घालून लग्नाला जायचंय."

"आई, सातवं वळण चाललंय!"

"चालू दे की. मी कुठे आडवी आले?"

काकांनी प्रत्येक वळणाची खूण दिली होती. निळी पाटी दिसली की ब्रेक, पांढऱ्या भिंतीशी दुसरा गिअर. पण अकरावं वळण चढाच्या माथ्यापलीकडे होतं. तिथे काका नुसतं म्हणाले, "इथे खूण अशी नाही. सवयीने कळतं." हे सरांना कसं पटावं? त्यांनी व्हिडिओ थांबवला, नाक काचेला टेकेपर्यंत पुढे गेले आणि ओरडले, "ही बघ! रस्त्यावर आडवी काळी पट्टी. डांबराचं ठिगळ असणार. पट्टी दिसली की ब्रेक!" वहीत त्यांनी पट्टीखाली दोनदा रेघ ओढली. वर्गात पहिला आलेल्या पोरासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

यानंतर माझं काम सुरू झालं. तीसबाई डोळे मिटून खुर्चीत बसायची, सर मला तिच्या कानामागे धरून सुरू करायचे आणि ती मनातल्या मनात अख्खी फेरी मारायची. झाकण फिरायचं, बूट सरकायचे, तोंडाने पुटपुट चालायची. "दहावं संपलं... चौथा... पट्टी, ब्रेक!" फेरी संपली की "आले" म्हणायची आणि सर मला थांबवायचे. पहिल्या दिवशी तीन मिनिटं लागली, एकदा तर ती मनातच वाट चुकली. तीन आठवड्यांनी दोन सतरा, दोन सोळा, दोन सतरा. काकांच्या गाडीइतकं. दहाव्यानंतर चौथा गिअर टाकल्यापासून पट्टीपर्यंत दर वेळी माझे वीस ठोके पडायचे. ते मी मोजले होते, पण मला विचारतंय कोण?

मोठा दिवस उजाडला. कडक ऊन होतं. सर ट्रॅकच्या कुंपणाशी उभे, मी त्यांच्या घामट मुठीत. आई वेळ नोंदवणाऱ्यांच्या मनोऱ्याच्या सावलीत घडीची खुर्ची टाकून बसली होती. मिस्त्रींनी पहिली फेरी सोडली आणि मी धावू लागलो. दोन मिनिटं झाली. दोन वीस. दोन चाळीस. गाडी आलीच नाही.

आली ती दोरीने ओढून आणलेली, चाकांत वाळू भरलेली.

"पट्टी नाहीये, बाबा," हेल्मेट काढून ती म्हणाली.  "अकराव्याला पट्टीच नाहीये. मी वाट बघत राहिले."

"असं कसं? रेघ ओढून ठेवलीय आपण!"

मिस्त्रींनी वाळू झाडली. दुसरी फेरी ती भीतभीत गेली. अकराव्याला फार आधीच ब्रेक लावला, आणि वेळ आली दोन सव्वीस. अगदी तीसबाईला शोभेशी! राहिली एकच फेरी. सरांच्या मुठीत माझी काच दुखायला लागली.

तेवढ्यात आई खुर्ची ओढत आली. "अहो, तासाभरात तिसऱ्यांदा खुर्ची हलवतेय मी. ही मेली सावली एका जागी टिकेल तर शपथ!"

सर मनोऱ्याकडे बघत राहिले. मग जमिनीवरच्या सावलीकडे. मग मटकन खाली बसले.

"अगं, सावली होती ती," ते म्हणाले. "कुठल्या तरी खांबाची. काकांनी सकाळी चालवली होती आणि आता दुपार आहे. पोरी, मी तुला सावली पाठ करायला लावली."

 मी तर तडफडत होतो. वीस ठोके! वीस ठोके! पण माझ्या तोंडाला टिकटिकीशिवाय दुसरा शब्द नाही. तरी तेवढाच पुरला. तीसबाई आईच्या खुर्चीत बसली, वडिलांची मूठ उचलून तिने माझी कळ दाबली, मला स्वतःच्या कानाशी धरलं आणि डोळे मिटले. ओठ हलले. "दहावं संपलं... चौथा..." तिचं बोट गुडघ्यावर आपटू लागलं, आणि विसाव्या ठोक्याला तिचा उजवा पाय आपोआप खाली गेला.

"वीस," ती म्हणाली. "चार सेकंद. पट्टी गेली, पण वेळ माझ्या पायात आहे."

मिस्त्रींनी डोकं खाजवलं. "थांबा ताई. काकांची गाडी आपल्यापेक्षा जास्त पळते. विसाला तुम्ही पट्टीच्या जरा अलीकडेच असाल. म्हणजे वाळूत जाणार नाही, पण वेळ वाया जाईल. वीस, आणि वर एक चिमूट."

"चिमूट म्हणजे किती?"

"आता चिमूट म्हणजे... चिमूट!"

"दोन ठोके," सर म्हणाले. शर्यत कुठलीही असो, सरांना आकडा लागतोच.

गाडी सुटली. सरांनी मला सुरू केलं. आता ऐका, मित्रांनो. गाडी पहिल्या वळणाला दिसेनाशी झाली आणि सरांनी मान खाली घातली नाही. सव्वीस वर्षांत प्रथमच मुठीतल्या मला विसरून ते कुंपणाच्या कडेकडेने चालू लागले. मागे मनोऱ्याखालून आई विचारत होती, "किती झाले? अहो, किती झाले?" त्यांना ऐकूच येत नव्हतं. लांब माथ्यावर धुळीचा लोट उठतो का, ते बघत होते. लोट उठला नाही. मग शेवटच्या वळणातून गाडी बाहेर पडली आणि समोरून सूं करून गेली. सरांनी दोन्ही हात वर केले. मी वरच्या हातात, चालूच!

मनोऱ्यावरच्या फलकाला जरा वेळ लागला. मग आकडे आले. दोन एकोणीस, पूर्णांक सहा.

तीसबाई गाडीतून उतरली ती पाठमोरी. फलक तिने पाहिलाच नव्हता. "बाबा, किती?"

सरांनी मूठ उघडली. मी धावत होतो. "अरेच्चा, थांबवायचं राहिलं."

"राहिलं? मग करत काय होतात?"

"तुला बघत होतो."

 ती हळूच म्हणाली, "मग? कशी चालवली मी?"

"वळताना तुझी मान डावीकडे कलते," सर म्हणाले. "हेल्मेटसकट. अगदी एवढीशी."

"लहानपणी पळतानाही कलायची," आई मागून म्हणाली.

सर म्हणाले, "हो? मला कुठे ठाऊक."

मग ती हसली का रडली, ते मला नीट दिसलं नाही. तिने मला सरांच्या मुठीसकट छातीशी धरलं होतं.

त्या दिवशी मला कुणी थांबवलं नाही. सरांच्या खिशात मी शर्यतभर चाललो. ती बाविसांत अठरावी आली. आई सगळ्यांना "मागून पाचवी" असं सांगते. घरी येतानाही चाललो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्प्रिंग संपली तेव्हा आपणहून थांबलो. म्हणून माझ्या वहीत ती फेरी कोरी आहे. हिशेबी घड्याळाला हे शोभत नाही, पण माझी तक्रार नाही.

हल्ली मी तीसबाईच्या शिकवायच्या गाडीत असतो. एखादा शिकाऊ फारच घाबरला की ती मला त्याच्या कानाशी धरते आणि म्हणते, "आधी डोळे मिटून चालव." मात्र कधीकधी आठवडा आठवडा किल्ली द्यायची विसरते. तो आठवडा माझ्या हिशेबी शून्य. मित्रांनो, तुमच्या घरातल्या खणातही माझ्यासारखं एखादं पडलेलं असेल. त्याला अधूनमधून किल्ली द्या. त्याच्यावर बारीक नजर ठेवा, काच पुसा, पाण्यापासून जपा. फक्त तुमचं माणूस धावत असेल तेव्हा घड्याळाकडे बघू नका. वर बघा. तेवढ्यापुरतं मला विसरलात, तर मला राग येणार नाही.